सोलापूरहून वासोट्याला: अभयारण्यातल्या पहिल्या चढाईची तयारी

कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. पंचेचाळीस किलोमीटर चालून आईचे दर्शन घेतलेल्या माणसाला आपल्या पायांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळेच ओळखीतला कोणी नवखा वासोट्याला जाण्याचा विचार सांगतो, तेव्हा पुढचे वाक्य बहुतेक वेळा ठरलेले असते: ‘तुळजापूर एका रात्रीत गाठतो, मग हा डोंगर तो काय!’ तुळजापूरच्या रस्त्यावर जागोजागी चहा मिळतो, पुढेमागे माणसे असतात, पाय फारच दुखले तर एस.टी.ला हात करता येतो आणि पोहोचायला चार तास उशीर झाला तरी देवी कोठे जात नाही. वासोट्याच्या रानात यांतले काहीच नाही. तेथे सकाळी मोजून आत सोडतात, संध्याकाळी मोजून बाहेर काढतात आणि मधल्या वेळात जे लागेल ते आपल्याच पाठीवर असावे लागते. डोंगर, जंगल आणि वनखात्याचे नियम या तिन्ही गोष्टींची सवय नसलेल्या सोलापूरकरांना पहिली फेरी नीट पार पाडता यावी, यासाठी हा लेख आहे.

जागा कोणती आहे

वासोटा हा सातारा जिल्ह्यातील जावळीच्या मुलखातला किल्ला आहे. व्याघ्रगड हे त्याचे दुसरे नाव. तो कोयना अभयारण्याच्या हद्दीत येतो. हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले आणि २०१० साली चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार ठिकाणांची निवड झाली, त्यांत कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास यांचा समावेश होता. म्हणजे आपण ज्याला ‘किल्ला बघायला जाणे’ म्हणतो, तो कायद्याच्या दृष्टीने एका संरक्षित वन्यजीव क्षेत्रात परवानगीने केलेला प्रवेश असतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ नुसार अभयारण्यात कोणालाही मुक्त प्रवेश नाही. कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो ती सांगितली आहेत आणि पर्यटन हे त्यांपैकी एक आहे. कलम ३० आग लावण्यास मनाई करते, तर कलम ३१ परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाण्यास मनाई करते. शेकोटी पेटवून वांग्याचे भरीत करण्याचा बेत किंवा कोयता घेऊन काट्या तोडण्याची हौस असेल, तर ती घरीच ठेवून यावी. ‘आम्ही लांबून आलो आहोत’ हे कारण तेथे चालत नाही, आणि ते चालू नये असेच माझे मत आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशी कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आहे. या पाण्याखाली जी गावे गेली, त्यांतील काही कुटुंबांचे पुनर्वसन आपल्या सोलापूर जिल्ह्यात झाले. पायथ्याच्या मेट इंदवलीतही आज वस्ती राहिलेली नाही. त्यामुळे तेथे दुकान, हॉटेल किंवा घर शोधण्यात अर्थ नाही. पडक्या जोत्यांजवळ आपण उभे असतो तेव्हा ते कोणाचे तरी अंगण होते, एवढे लक्षात असले की माणूस तेथे आपोआप हळू आवाजात बोलतो.

कधी जावे

पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो खुला होतो आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत सुरू राहतो. नेमका दिवस हंगामाप्रमाणे मागेपुढे होत असल्याने निघण्यापूर्वी बामणोलीच्या, म्हणजे जलाशयाकाठच्या ज्या गावातून बोटीने किल्ल्याचा पायथा गाठायचा तेथल्या, वनकार्यालयात किंवा बोट क्लबमध्ये चौकशी करावी. अनेकांना कासची फुले आणि वासोटा एकाच फेरीत उरकायचे असते. ते जमत नाही, कारण कासचे पठार सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऐन बहरात असते आणि त्या वेळी अभयारण्याचे दार मिटलेले असते. दोन वेगळ्या सहली कराव्यात.

नवख्या माणसाने नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा काळ निवडावा. ऑक्टोबरअखेरीस रान हिरवेगार असते, परंतु सावलीतल्या ओलसर भागात जळवा उरलेल्या असतात आणि दगडांवरचे शेवाळ पुरते वाळलेले नसते. मार्चनंतर जलाशयाची पातळी खाली गेल्यामुळे बोट पूर्वीच्या जागेपर्यंत पोहोचत नाही आणि भेगाळलेल्या गाळावरून बरेच अंतर जास्त चालावे लागते. उन्हाची आम्हाला सवय आहे, असे सोलापूरकर म्हणतात. ती सवय कोरड्या उन्हाची आहे. घाटातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग चिकट राहते आणि तहान लागल्याचे उशिरा कळते, त्यामुळे आपल्याकडे चाळीस अंशांत फिरणारा माणूस तेथे तिसाव्या अंशाला धापा टाकताना दिसतो. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा, जोडून आलेल्या सुट्ट्या तर टाळाव्यातच. गड्ड्याची जत्रा आटोपल्यानंतरचा एखादा मंगळवार किंवा बुधवार मिळाला, तर आख्ख्या वाटेवर आपल्याशिवाय दुसरा गट नसण्याचीही शक्यता असते.

पायांची तयारी

सोलापूर सपाट आहे, हीच मुख्य अडचण आहे. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज फेऱ्या मारणाऱ्याचा दम चांगला असतो, परंतु त्याच्या मांड्यांना चढाची आणि गुडघ्यांना उताराची ओळख नसते. वासोट्याची चढाई सव्वादोन ते अडीच तासांची आहे. ती कातळारोहणाची नाही, पण सलग आहे. माझ्या पाहण्यात चढताना फारसे कोणी अडत नाही. लोक उतरताना अडतात, कारण पालापाचोळ्याने झाकलेल्या दगडांवर दीड-दोन तास गुडघ्यांना ब्रेक लावत उतरावे लागते.

म्हणून किमान सहा ते आठ आठवडे आधी सराव सुरू करावा. जवळच्या एखाद्या चार-पाच मजली इमारतीचे जिने आठवड्यातून तीन दिवस चढावेत आणि लिफ्टने खाली न येता जिन्यानेच उतरावेत. पहिल्या आठवड्यात पाच खेपा, मग हळूहळू पंधरापर्यंत. शेवटच्या तीन आठवड्यांत पाठीवर पाच-सहा किलो वजन घ्यावे. पाण्याने भरलेल्या बाटल्या यासाठी उत्तम, कारण गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून टाकता येते. महिन्यातून एकदा तरी खऱ्या डोंगरावर जावे. त्यासाठी बालाघाटची रांग आपल्याला जवळ आहे. तुळजापूरचा घाट पायी चढून उतरणे किंवा येडशीजवळच्या रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरात अर्धा दिवस चालणे, हे वासोट्याची रंगीत तालीम म्हणून पुरेसे आहे. बूट नवे असतील तर ते याच काळात पायात रुळवावेत. सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घातलेला बूट टाचेला फोड आणतो, आणि हा फोड दुपारच्या उतारावर माणसाला रडवतो.

दहा वर्षांखालील मुले आणि गुडघ्याची किंवा हृदयाची जुनी तक्रार असलेली मंडळी यांनी पहिल्या फेरीत बामणोलीलाच थांबावे. जलाशयाचा काठ सुंदर आहे, तेथे दिवस वाया जात नाही.

परवाना आणि कागद

गट आठ ते दहा जणांचा असावा. बोटीचे भाडे माणशी न आकारता साधारणपणे संपूर्ण बोटीचे आकारले जाते, त्यामुळे तिघाचौघांना ते जड जाते. उलट पंधरा-वीस जणांचा गट रानात एकत्र राहत नाही.

बामणोलीला वनकार्यालयात परवाना मिळतो. त्यासाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. सोलापुरातच एका कागदावर सर्वांची नावे, वय, पत्ता आणि घरच्या एका व्यक्तीचा संपर्क क्रमांक अशी यादी करावी, तिच्या तीन प्रती काढाव्यात आणि ओळखपत्रांच्या छायाप्रती त्याच क्रमाने टाचून ठेवाव्यात. एक प्रत कार्यालयासाठी, एक गटप्रमुखाजवळ आणि एक सोलापुरात घरी. शुल्क माणशी असते, शिवाय कॅमेऱ्याचे, वाहनाचे वेगळे असू शकते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावेत आणि रोख, तीही सुट्ट्या नोटांत, जवळ ठेवावी. जलाशयाच्या काठावर मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नये. परिसर माहीत असलेला स्थानिक वाटाड्या पहिल्या फेरीत जरूर घ्यावा. दगडी पायऱ्या दिसेपर्यंतची वाट गर्द झाडीतून जाते आणि नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा नवख्याला चटकन चकवतो.

मुक्कामाला परवानगी नाही. किल्ल्यावरही नाही आणि पायथ्यालाही नाही. कोणी ‘ओळखीने जमवून देतो’ म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

दिवसाचा उलटा हिशोब

संपूर्ण बेतातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. आपण सहसा ‘किती वाजता निघू’ येथून सुरुवात करतो आणि पुढे जे होईल ते होईल, असे म्हणतो. अभयारण्यात हा हिशोब शेवटच्या टोकाकडून मांडावा लागतो.

आमच्या पहिल्या फेरीत आम्ही तो सरळ मांडला होता. नऊ जण होतो. रात्री एक वाजता सोलापूर सोडले, पंढरपूरला चहा झाला, दहिवडीच्या पुढे एक वळण चुकले आणि बामणोलीला पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले. रविवार होता, परवान्यासाठी रांग होती, त्यातच आमच्यापैकी एकाकडे ओळखपत्राची प्रत नव्हती आणि तेवढ्यात छायाप्रत काढून देणारे कोणी जवळ नव्हते. बोट सुटली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पायथ्याच्या वनरक्षकाने घड्याळ पाहिले आणि शांतपणे सांगितले, ‘अडीच वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं.’ अडीच वाजता आम्ही वरच्या कोरीव पायऱ्यांवर उभे होतो. किल्ल्याचा पडका दरवाजा डोळ्यांसमोर होता. वनरक्षक आमच्याबरोबर वर आलेला नव्हता, आणखी अर्धा तास घेतला असता तर त्याला कळलेही नसते, अशी कुजबुज झाली. परंतु आमच्यातील एकाचा गुडघा तोवर सुजला होता, आणि त्याला घेऊन उतरायला आम्हाला तब्बल तीन तास लागले. शेवटचा अर्धा तास झाडीतल्या अंधारातून विजेरीच्या उजेडात काढला. बोटवाला काठावर आमची वाट पाहत बसला होता. वर आणखी अर्धा तास काढला असता, तर काय झाले असते, हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळत होते.

तेव्हापासून मी हिशोब असा मांडतो. दुपारी साडेचारला पायथ्याच्या काठावर परत यायचे. उतरायला दोन तास धरले, म्हणजे किल्ल्यावरून अडीचला निघायचे. वर फिरण्यासाठी आणि जेवणासाठी दीड तास हवा, म्हणजे एक वाजता माथ्यावर पोहोचायचे. चढाईला अडीच तास धरले, तर साडेदहाला चालायला सुरुवात. बोटीला एक ते सव्वा तास लागतो, म्हणजे ती सव्वानऊच्या आत सुटली पाहिजे. परवाना, तपासणी आणि बोट ठरवणे यांसाठी एक तास धरला, तर सकाळी आठला बामणोलीच्या कार्यालयासमोर आपण उभे असले पाहिजे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला यायला सव्वा ते दीड तास लागतो, आणि सोलापूर ते सातारा हे पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव या मार्गाने सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर कापायला पाच तासांहून अधिक वेळ जातो. रात्रभर गाडी हाकून सकाळी डोंगर चढणे हा शहाणपणा नव्हे. आदल्या दिवशी दुपारी सोलापूर सोडावे आणि साताऱ्यात किंवा बामणोलीच्या परिसरात मुक्काम करावा. काठाच्या गावांत घरगुती राहण्याची आणि तंबूंची सोय होते. डिसेंबरात पाण्याकाठची थंडी चांगलीच बोचते, तेव्हा या एका रात्रीसाठी गाडीत सोलापुरी चादर जरूर टाकावी. ती डोंगरावर मात्र नेऊ नये, भिजली तर वजनाने जीव काढते.

या हिशोबातील ‘अडीचला मागे’ ही वेळ सर्वांनी सोलापुरातच मान्य केलेली असावी. वर गेल्यावर तिच्यावर चर्चा करायची नाही.

पाठीवर काय घ्यावे

दोन्ही खांद्यांवर बसणारी पिशवी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. त्यात माणशी तीन लिटर पाणी हवे. किल्ल्यावर पाण्याची टाकी आहेत, परंतु त्यांवर अवलंबून बेत आखू नये. मीठ-साखरेच्या पुड्या, विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, टाचेला लावायची चिकटपट्टी, नेहमीची औषधे आणि सुक्या मोज्यांचा एक जोड एवढे पुरेसे आहे. कपडे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ आणि मातकट रंगाचे असावेत. भडक रंग, उग्र अत्तर आणि डोक्याला लावलेले वासाचे तेल टाळावे, याचे कारण पुढे येईल.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहेत. आपली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांच्याइतके डोंगराला सोयीचे अन्न मी पाहिलेले नाही. कडक भाकरी नासत नाही, वजनाला हलकी असते आणि तिला प्लास्टिकची पिशवी लागत नाही. सुती पंच्यात बांधून ती पिशवीत सर्वांत वर ठेवावी, नाही तर बाटल्यांखाली तिचा भुगा होतो. अर्थात भुगा झाला तरी बिघडत नाही: त्यावर थोडे पाणी शिंपडून, चटणी कालवून पाच मिनिटे झाकून ठेवली की तो मऊ होतो. नुसती कोरडी खाल्ली तर मात्र ती घसा सुकवते आणि तीन लिटरांपैकी अर्धा लिटर तेथेच संपतो. सोबत गूळ, केळी आणि उकडलेले बटाटे घ्यावेत.

पायथ्याशी प्लास्टिकच्या वस्तू मोजून त्यांची नोंद घेतली जाते आणि परतताना तेवढ्याच वस्तू दाखवाव्या लागतात. दुसऱ्या फेरीत माझ्या शेजारच्या गटाच्या पिशव्यांतून वेफर, बिस्किटे आणि चॉकलेट यांची चाळीसच्या वर वेष्टने निघाली. ती एकेक मोजताना वीस मिनिटे गेली. आमच्या गाठोड्याची गाठ वनरक्षकाने सोडली, भाकरीवर बोटाने टकटक केले, ‘ही मोजायची कशात?’ असे विचारून हसला आणि पुढे जाऊ दिले. प्लास्टिक कमी नेण्याचा हा रोकडा फायदा आहे. मद्य, तंबाखू, गुटखा, स्पीकर, फटाके, ड्रोन आणि पाळीव कुत्रा यांना आत जागा नाही.

महिलांनी हे आधीच जाणून घ्यावे की बामणोली सोडल्यानंतर स्वच्छतागृह नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून बंद डब्यात परत आणावे लागतात. त्यासाठी एक वेगळा डबा पिशवीत असला की अवघडल्यासारखे होत नाही.

पाण्यातून आणि रानातून

बोटीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे आणि त्याचे बंद पोटाशी आवळून बांधावेत. ते उशाला घेण्यासाठी नसते. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त बसवू देऊ नये. उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. जलाशयात पोहायला उतरू नये, कारण काठ एकदम खोल होतो आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली तसेच उभे आहेत. उतरताना बोटवाल्याचे नाव, बोटीचा क्रमांक आणि परतीची वेळ वहीत लिहून घ्यावी.

पायथ्याला नोंद झाल्यावर वाट थोड्याच अंतरावर ओढ्यापाशी येते. तेथे मारुती आणि गणपती यांच्या मूर्ती आहेत. येथून पुढे झाडी दाट होते आणि आपल्या माळरानावर वाढलेल्या डोळ्यांना काही काळ काहीच दिसत नाही. नान्नजच्या गवताळ अभयारण्यात माळढोक शोधताना आपण क्षितिजापर्यंत नजर टाकतो. येथे क्षितिजच नसते. पंधरा पावलांवरचे दिसेनासे होते, आणि प्राणी बघण्याऐवजी ऐकावा लागतो. वरून फांदी हलल्याचा आणि टरफले पडल्याचा आवाज आला, तर पूर्ण थांबून मान वर करावी. राज्यप्राणी शेकरू दिसण्याची शक्यता असते. जांभूळ, हिरडा, अंजनी ही झाडे वाटेवर भेटतात, उतारांवर कारवीचे रान आहे. कारवी साधारणतः सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा दरवर्षी फुले दिसतीलच असे नाही.

चालण्याची पद्धत साधी ठेवावी. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे अनुभवी माणूस आणि सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा. पन्नास मिनिटे चालून दहा मिनिटे थांबावे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर थांब्यावर चार घोट प्यावे. वाट सोडून आडव्या पायवाटेने जाऊ नये, कारण त्यांतल्या पुष्कळशा वाटा गव्यांच्या असतात. वाघ दिसेल अशी आशा धरू नये. येथील वाघ थोडे आहेत आणि माणसाला टाळतात. गवा, सांबर, भेकर, बिबट्या, अस्वल यांचा वावर मात्र आहे आणि त्यांच्या खुणा ओल्या मातीत वाचता येतात. वाटाड्याला त्या दाखवायला सांगावे.

शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आणि पडके दरवाजे लागतात. ते पार केले की समोर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर आहे. तेथून एक वाट महादेवाच्या मंदिराकडे, पाण्याच्या टाक्यांकडे आणि काळकाईच्या ठाण्याकडे जाते. त्या टोकावरून जलाशयाचे फाटे दिसतात. दुसरी वाट वाड्याच्या जोत्यावरून आणि चुन्याच्या घाण्याजवळून दक्षिणेला बाबूकड्याकडे जाते. वेळ एकाच टोकापुरता उरला असेल तर बाबूकडा निवडावा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो कातळ एकदम तुटतो, समोर जुन्या वासोट्याचा डोंगर उभा असतो आणि पश्चिमेला खाली कोकण पसरलेले असते. कड्याला कठडा नाही. काठापासून दोन पुरुष अंतरावर बसून पाहावे. वारा जोरात असेल तर टोपी काढून पिशवीत ठेवावी, कारण उडालेल्या टोपीमागे धावणारा माणूस कडा विसरतो.

याच किल्ल्यावर पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झुंज दिली. चुन्याच्या घाण्याच्या दगडी चाकावर नावे कोरणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसावी.

नागेश्वरची गुहा आणि तेथील महादेव पाहण्याची इच्छा पुष्कळांना असते. वासोटा आणि नागेश्वर एका दिवसात करणारे गट आहेत, पण पहिल्या फेरीत तो विचार करू नये. वरचा हिशोब त्यात बसत नाही.

अडचण आली तर

कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. अत्तराचा उग्र वास, धूर आणि मोठा आवाज यांनी ती उठतात, म्हणून वासाच्या तेलाचा उल्लेख वर केला. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत, चेहरा कापडाने झाकावा आणि झाडीच्या आडोशाने लवकरात लवकर दूर जावे. गवा समोर आला तर थांबावे, त्याला वाट द्यावी, आणि सोबत वासरू असेल तर आल्या वाटेने मागे सरावे. अस्वलाला अचानक गाठणे सर्वांत वाईट, म्हणून दाट कारवीतून जाताना हलक्या आवाजात बोलत राहावे. समोरासमोर आल्यास पाठ दाखवून पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे हटावे.

साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. अंगठी, घड्याळ काढावे, चावलेला अवयव काठीला बांधून हलू देऊ नये, रुग्णाला चालवू नये आणि उचलून बोटीपर्यंत न्यावे. दोन माणसे पुढे पळवून बोट तयार ठेवावी. उपचार साताऱ्याला मोठ्या रुग्णालयात मिळतात, हे लक्षात घेऊन मांत्रिक किंवा जडीबुटी यांत एक मिनिटही घालवू नये. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये साठवण्याबरोबरच कागदावरही लिहावेत. रेंज नसलेल्या जागी शिट्टीचा उपयोग अधिक होतो: तीन वेळा फुंकावी, थांबावे, पुन्हा तीन वेळा. जळू लागली तर ओढून काढू नये. नखाने तिचे तोंड त्वचेपासून बाजूला सरकवावे आणि जागा पाण्याने धुवावी. थोडा वेळ रक्त वाहते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

परतताना

पायथ्याला पोहोचल्यावर आधी माणसे मोजावीत, मग प्लास्टिक दाखवून नोंद पुरी करावी. बोटीत बसल्यावर घरी कळवायची घाई असते, पण रेंज बामणोलीच्या जवळ आल्याशिवाय मिळेल असे धरून चालू नये. म्हणूनच घरच्यांना ‘रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा, त्याआधी नको’ असे निघतानाच सांगून ठेवावे.

त्याच रात्री सोलापूरला परतण्याचा हट्ट करू नये. डोंगरापेक्षा मला परतीचा रस्ता अधिक धोक्याचा वाटतो. दमलेल्या चालकाचा डोळा नेमका म्हसवडच्या पुढच्या सरळ रस्त्यावर लागतो. साताऱ्यात रात्र काढावी, सकाळी कंदी पेढे घ्यावेत आणि गोंदवल्याला दुपारच्या प्रसादाला थांबून संध्याकाळपर्यंत घरी यावे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतातच, ते दोन दिवसांत शमते. गुडघ्याला सूज असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

घरी आल्यावर पिशवी आणि बूट घरात न नेता आधी गच्चीवर न्यावेत. मोज्यांच्या शिवणीत, पँटच्या काठाशी आणि कानामागे गोचीड चिकटलेली नाही ना, हे बघून घ्यावे. चिकटलेली असल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. बुटांतली सुकतळी काढून ते उलटे टेकवून ठेवावेत. घाटातल्या गावात ओला बूट सुकायला दोन-तीन दिवस लागतात. आपल्या उन्हाला ते एका दुपारचे काम आहे.